राग ओतायची जागा

अंबादास जॉबरनं स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो साठीच्या पुढं गेला होता.

यात तिखटमीठ काही नाही, मी समोरच बसलो होतो. भर दुपार, कारखान्याची रिकामी शेड, आणि आम्ही चौघं पत्ते खेळत होतो. जॉबरनं पान उचललं, बघितलं, आणि कुणीतरी जोरात ओरडलं, "गाडिद कोडका!" तेलुगूत याचा अर्थ गाढवाच्या पोरा. जॉबर दचकला. त्यानं मागं वळून पाहिलं. मागं खिडकी आणि भिंत, माणूस कुणी नाही. मग आमच्याकडं वळून त्यानं अगदी हळू विचारलं, "कोन बोललं?"

"तूच की बे," मल्लिनाथ मालक म्हणाले.

"मी?"

"मग काय भिंत बोलली?"

जॉबरनं पानं पालथी ठेवली आणि स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. "एवढं मोठ्यानं हाय व्हय ते?" म्हणाला आणि उरलेला डाव तोंडावर हात धरून खेळला.

जॉबर जाऊन आता दुसरं वर्ष लागेल. परवा आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी पत्त्यांच्या डावात हरल्यावर मोबाईल गॅलरीतून खाली फेकला आणि मग तो शोधायला बॅटरी घेऊन खाली आले, तेव्हा मला त्याची फार आठवण झाली. राग आवरायचा कसा यावर हल्ली भाषणं होतात. जॉबरनं त्यासाठी जे जे केलं ते कुठल्याच भाषणात ऐकायला मिळणार नाही, म्हणून लिहितो.

मालकांचा टॉवेलचा कारखाना होता, सोलापूरच्या पूर्व भागात, एका अरुंद बोळात. मी तिथला दिवाणजी. मालकांच्या काचेच्या केबिनमध्ये, त्यांच्या डाव्या हाताला माझं टेबल. अंबादास तिथला जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करायचा, चालता असला की चालता ठेवायचा, हे जॉबरचं काम. पॅन्टच्या मागच्या खिशात कायम एक पाना. माग सुरू करण्याआधी तो त्याच्यावर पालथा हात ठेवायचा, आजारी पोराचा ताप बघावा तसा. आणि मग त्याला शिवी द्यायचा. "मशीन काय आन् मानूस काय," म्हणायचा, "तेल आन् शिवी दोन्ही लागतंय. नुसत्या तेलानं माजतंय."

चालू शेडमध्ये काय आवाज असतो हे आत गेल्याशिवाय कळत नाही. शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. त्यामुळं तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. या टोकाचा विणकर त्या टोकाच्या विणकराला घरी काय भाजी केली ते विचारतो आणि उत्तरही घेतो, मधे सगळे माग धडाडत असताना. मला हे कधी जमलं नाही. मी काचेआडचा माणूस.

जॉबरच्या दृष्टीनं मालकही काचेआडचेच. मालक शेडमध्ये फेरी मारायला आले आणि चार नंबरचा माग का बंद म्हणून खुणेनं विचारलं, की जॉबर हात जोडायचा. चेहऱ्यावर देवळातून प्रसाद घेऊन आल्यासारखं हसू. आणि ओठांनी मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार. तोही सावकाश, एकेक पिढी सुटी करून. मालक कानाला हात लावून "आं?" करत खाली वाकायचे. मग जॉबर त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा, "पट्टा सैल झालाय, मालक!" आजूबाजूचे विणकर हसू दाबायला मागाखाली काहीतरी पडल्यासारखं वाकायचे. एकदा तर सगळेच्या सगळे एकदम वाकले. मला केबिनमधून वाटलं, भूकंप झाला.

असा सगळा राग कारखान्यात ओतून माणूस घरी गेला की घरी काय न्यायला उरणार? त्याची बायको रुक्मिणीबाई, देवमाणूस, ती सगळ्या गल्लीत सांगायची, "आमचे हे लई थंड. परत वाढायला इसरलं तरी गप जेवून उठत्यात." शेवटपर्यंत तिचा तोच समज राहिला. तिच्या बाराव्याला विणकरांनी गल्लीतल्या बायकांकडून हे ऐकलं तेव्हा त्यांना रडू आवरेना, आणि त्यातलं सगळंच काही रडू नव्हतं.

मग धंदा बसला. मालकांनी माग विकले. जॉबर घरच्यांना घेऊन तिरुपतीला गेला होता, तेवढ्यात विकले. परत आला तो हातात लाडवांची पिशवी घेऊन थेट कारखान्यात, तर शेड रिकामी. फरशीवर मागांच्या पायांचे चौकोन तेवढे राहिले होते. भंगारवाल्यानं माग जागेवरच घणानं फोडून नेले होते. आता हा काय बोलतो म्हणून मी श्वास धरून उभा. जॉबरनं शेडभर नजर फिरवली, ओठ हलवायला उघडले आणि मिटले. त्याला बोलायला आवाजच राहिला नव्हता. स्वतःचा नाही, मागांचा. त्यानं सगळ्यांना लाडू वाटले. पहिला मालकांना.

त्यानंतर शुक्रवारचे पत्ते सुरू झाले. मालकांना घरी करमेना म्हणून ते शेडमध्ये येऊन बसायचे, मी सवयीनं जायचो, माल वाहायचा टेंपो ज्यांचा होता ते रफीकभाई टेंपो विकल्यामुळं मोकळे होते, आणि जॉबर. आधी रमी खेळायचो. मग मालकांचा पुतण्या दिवाळीला पुण्याहून आला आणि पोकर शिकवून गेला. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, मधे पाच पानं उघडी, आणि आपल्याकडं लई मोठं काहीतरी आहे असं दाखवत डाव वाढवत न्यायचा. समोरचा घाबरून पानं टाकून देईल तर हातात काही नसतानाही तुम्ही जिंकलात. पैशाला शिवायचं नाही हे आधीच ठरलेलं. लावायला आमच्याकडं कांड्या होत्या. धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या, रंगीत, रिकाम्या, पोतंभर शिल्लक.

"ह्यात पत्ते खेळत न्हाईत," मालक म्हणाले, "तोंड खेळतंय."

मालकांचं तोंड म्हणजे बंद दुकान. हातात राजे आले तरी तेच, दुर्री आली तरी तेच. जॉबरचं तोंड म्हणजे भर बाजार. त्यात ज्या शिवीनं आयुष्यभर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं ती आता लख्ख ऐकू यायला लागली. तो बिचारा स्वतःच दर वेळी दचकायचा.

पण माणूस जिद्दीचा. जॉबरच तो, बिघाड सापडला की दुरुस्ती आलीच. पहिला उपाय कडक भाकरीचा. आपली ज्वारीची कडक भाकरी, पापडासारखी. डाव सुरू झाला की तो तोंडात तुकडा धरायचा, म्हणजे तोंड कामात राहील. झालं काय, चांगली पानं आली की भाकरी हळूहळू चघळली जायची आणि वाईट आली की कुडुमकुडुम असा आवाज यायचा, की रफीकभाई न बघताच कांड्या पुढं सरकवायचे. दुसरा उपाय पान्याचा. राग आला की टेबलाखाली वाकून बोल्ट आवळायचा. दोन महिन्यांत ते टेबल इतकं आवळलं गेलं की त्याचा एक पाय आपोआप वर उचलला गेला. तिसरा उपाय पाण्याचा.

पाण्याचा उपाय त्याचा त्यालाच फार पसंत होता. पानं उचलायच्या आधी तोंडात पाण्याची चूळ धरायची. शिवी येणार कशी? डाव वाढवायचा की नाही हे तो हातानं सांगायचा. मान हलवायची नाही, कारण पाणी हिंदकळतं. आम्ही त्याच्या गालांकडं बघून खेळायला लागलो. एका शुक्रवारी त्याच्याकडं तीन राण्या जमल्या. आनंदानं डोळे ओलावले, गाल टम्म. सगळ्या कांड्या पुढं लोटल्या. मालकांनी शांतपणे तीन राजे उघडले.

पुढचं मी बघितलं नाही, कारण माझ्या चष्म्यावर पाणी होतं. मालकांचा पांढरा शर्ट, पत्ते, रफीकभाईंची दाढी, सगळं भिजलं. शिवी त्या पाण्यामागून आली, सरळ मराठीत आली, आणि मालकांचं नाव घालून आली. शेवटी जॉबरनं टेबलच उलटं केलं. कांड्या शेडभर गडगडत गेल्या.

मालकांनी रुमालानं तोंड पुसलं. आवाज चढवला नाही. "पुढच्या बारीला ज्याचा ताबा सुटंल," ते म्हणाले, "त्यानं खुर्ची सोडायची. कायमची. मग तो कोनबी असू दे."

कोणबी म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती. परत जाताना जॉबर माझ्यासोबत कोपऱ्यापर्यंत आला. पान्यानं हाताचा तळवा खाजवत म्हणाला, "दिवाणजी, शुक्रवार गेला तर माझ्याजवळ काय राहतंय? घरात नातवाचा अभ्यास. टीवी बंद, फॅन बारीक. सूनबाई मिक्सर लावती तेवढ्या वेळात मी काय ते बोलून घेतो. शेंगाची चटणी करायला किती वेळ लागतंय, सांगा की!"

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. मिक्सरची वाट बघत कॉटवर बसलेला जॉबर डोळ्यांसमोरून जाईना.

पुढच्या शुक्रवारी तो आला तो तेजःपुंज होऊन. उपाय सापडला होता. बोळापलीकडचा कारखाना अजून चालू होता. इकडं वाईट पान आलं की जॉबर शांतपणे पानं पालथी ठेवायचा, "आलो जरा" म्हणायचा, बोळ ओलांडून त्या शेडमध्ये जायचा. धडाडत्या मागांच्या मधे उभा राहून सगळा राग मोकळा करायचा, आणि परत येऊन बसायचा. चेहरा न्हाऊन आलेल्या माणसासारखा. तिथल्या लोकांनी पहिल्या दिवशी विचारलं, काय पाहिजे? हा म्हणाला, "काय न्हाय. जरा उभं राहतो." जुना जॉबर म्हणून कुणी हटकलं नाही. उलट त्यांची करमणूक व्हायला लागली.

आमची तर फारच झाली. जॉबरची खुर्ची खिडकीकडं पाठ करून असायची, वाऱ्याला. त्यामुळं त्याच्या कधी लक्षातच आलं नाही की आमच्या खिडकीतून बोळापलीकडच्या शेडचं सताड उघडं दार दिसतं, आणि त्या दारात, उजेडात, तो स्वतः दिसतो. सगळं आयुष्य ओठ वाचणाऱ्यांत गेलेला हा गृहस्थ तिथं उभा राहून आपली पानं जाहीर करत होता. आवाज म्हणजे पडदा, एवढंच त्याच्या डोक्यात. रफीकभाई माल भरायला शेडमध्ये तासन्‌तास उभे राहून ही विद्या शिकले होते. ते मला हळूच सांगायचे, "बोलरा, सत्ती के पीछे चौकी आई बोलके. मल्लिनाथ सेठ का बी नाम लेरा. नक्को, आगे का मैं नई बोलता."

"सांगा की त्याला," मी म्हणायचो.

"बताया तो वो जाएंगा कां? मिक्सर के पास?"

तेही खरंच होतं. मालक मात्र यात कधी पडायचे नाहीत. हातात पत्ते धरून खिडकीकडं तोंड करून बसायचे आणि रफीकभाई मला काही सांगायच्या आधीच पानं टाकायचे किंवा डाव वाढवायचे. मी म्हणायचो, डोकं आहे बुवा माणसाला. चेहऱ्यावर रेघ नाही. राग आवरावा तर यांनी.

असे कितीतरी शुक्रवार गेले. जॉबरची खुर्ची टिकली होती. तो दर वेळी हरत होता, पण हसत हरत होता. एकच इच्छा राहिली होती. हातात काही नसताना, नुसत्या तोंडावर, मालकांना एकदा पानं टाकायला लावायची.

तो शेवटचा डाव. मधे पाच पानं उघडी. मी आणि रफीकभाईंनी आधीच माघार घेतलेली. जॉबरनं आपली दोन पानं पाहिली, पालथी ठेवली, "आलो जरा" म्हणाला आणि गेला. मालक खिडकीकडं तोंड करून, नेहमीसारखे.

दारात जॉबर उभा राहिला. रफीकभाई सरसावून बसले. "आज पत्ते नई बोलरा," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मशीनां का बोलरा. चार नंबर... एक नंबर..." मी विचारलं, पुढं काय? त्यांनी मान हलवली. दारातला जॉबर हातवारे करत होता. हात वर नेऊन खाली आणत होता, घण घातल्यासारखे. मग हातात पिशवी धरल्यासारखं काहीतरी. मला ओठ येत नाहीत, पण तेवढं मला कळलं.

मी मालकांकडं पाहिलं. त्यांनी हातातली दोन्ही पानं मुठीत चुरगळली होती.

जॉबर आला, बसला, प्रसन्न हसला आणि सगळ्या कांड्या पुढं लोटल्या. "बोला, मालक."

मालक उठले. पानं फरशीवर आपटली, मग पोत्यातल्या कांड्या मुठीमुठीनं भिंतीवर फेकल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा तो आवाज ऐकला.

"तू असतास तर इकू दिलं असतंस का बे मला? मागाला मिठी मारून बसला असतास! म्हनून तू तिरुपतीला गेल्यावर बोलावलं भंगारवाल्याला! तुज्यासमोर घन घातला असता तर मला बघवलं असतं व्हय? लाडू दिलास तू मला, लाडू! गिळला कसा ते मला म्हाईत!"

जॉबर तोंड उघडं टाकून बसला. हे मालकांना कुणी सांगितलं? त्यानं रफीकभाईंकडं पाहिलं. रफीकभाईंनी दोन्ही कानांना हात लावले. मग तो सावकाश मागं वळला, खिडकीतून पलीकडचं उघडं दार पाहिलं, आणि परत मालकांकडं पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

"तुमाला... ओठ वाचता येतंय?"

"माजा बाप मला शाळेतनं आलो की मागावर उभा करायचा! तुज्या आधीपासनं येतंय!"

"म्हंजे चार नंबरला... ते सात पिढ्या..."

"आठवी तूच जोडलास एकदा! माज्या पंजोबाच्या खापरपंजोबाचं नाव मला म्हाईत न्हवतं, तुज्यामुळं घरी इचारून घेतलो!"

रफीकभाई हसले आणि लगेच खोकल्यासारखं केलं. मला मात्र काचेची केबिन आठवली. फेरी मारून आल्यावर मालक चहाच्या कपात बघून हसायचे, आणि मला वाटायचं, हिशेब जुळला म्हणून खूश आहेत.

"मग बोलला का न्हाईत कधी?" जॉबरनं विचारलं.

"काय बोलू? तू शिव्या देत व्हतास तंवर माग चालू व्हते."

एवढं बोलून मालक थांबले. आपण उभे आहोत, कांड्या शेडभर पडल्या आहेत आणि पानं फरशीवर आहेत, हे त्यांना आत्ता दिसलं. दोन राजे होते त्यांच्याकडं. त्यांनी चपला घातल्या. "नियम म्हंजे नियम," म्हणाले. "माजी खुर्ची गेली." आणि दारातून बाहेर पडून, बोळ ओलांडून, सरळ पलीकडच्या शेडमध्ये गेले.

आम्ही तिघं उरलो. जॉबरनं आपली पानं उलटी केली. दुर्री आणि सत्ती. काही नव्हतं त्याच्याकडं. नुसत्या तोंडावर त्यानं मालकांना पानं टाकायला लावली होती, खुर्ची पण राखली होती, आणि त्याला त्याचं काही म्हणता काही वाटत नव्हतं. तो खिडकीतून बघत होता. पलीकडच्या दारात मालक उभे होते, मागांकडं तोंड करून, मग आमच्याकडं तोंड करून. त्यांचे ओठ चालले होते.

"बोलरे की," रफीकभाईंनी सुरुवात केली, "जिस दिन मशीनां तोड्या..."

"नको वाचू," जॉबर म्हणाला. त्यानं उठून रफीकभाईंची खुर्ची, रफीकभाईंसकट, भिंतीकडं फिरवली. मग माझी धरली.

"मला कुठं वाचता येतंय?" मी म्हणालो.

"तरीबी." खुर्ची फिरवून झाल्यावर तो दारात थांबला. "आन् माजीबी खुर्ची गेली म्हना. दर शुक्रवारी तितं जाऊन काय आरती करत व्हतो व्हय मी?"

रफीकभाई आणि मी भिंतीकडं तोंड करून बसलो. दोघांत पोकर काय खेळणार? बोळातून मागांचा आवाज येत होता. रफीकभाईंनी शब्द दिल्यासारखे डोळेही मिटून घेतले होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. वळून पाहिलं.

उघड्या दारात दोघं समोरासमोर उभे होते. मालक बोलत होते, हात उडवत, मान हलवत, चेहरा लालबुंद. किती वर्षांचं तुंबलेलं होतं कोण जाणे, थांबायचं नाव नाही. आणि एवढ्या खडखडाटात, जिथं काहीही बोललं तरी खपून जातं अशा त्या एकमेव जागी, अंबादास जॉबर ओठ घट्ट मिटून, मालकांच्या तोंडावरची नजर न हलवता, गप्प उभा होता.